कलाप्रकार : एकच निवडा

पैकू नागोसे आले तेव्हा सर्व्हर डाऊन होता.
चपला दाराबाहेर काढून ते आत आले,
पिशवीतून आधार, पासबुक, रेशनकार्ड
आणि धानाच्या कोंड्याचा वास येणारी एक निळी वही
टेबलावर हळूच ठेवली, झोपलेलं लेकरू ठेवावं तशी.

"म्हाताऱ्या कलावंताले पैसे भेटतेत म्हन्तेत, बाई,
तं माहा फारम भरून दे."

नाव भरलं. वय, आधारवर एकाहत्तर.
त्यांच्या हिशेबानं, बोडी फुटली त्या सालचे.
पुढचा रकाना : कलाप्रकार. एकच निवडा.
बाण दाबला की यादी खाली घरंगळते.

"नाच्या लिव. पयले त्येच होतो,
दंडारीत, बारा वर्साचा, मायच्या लुगड्यात.
मिशी फुटली अन् नाच सुटला.
मंग ढोलकी."
मी बाण ढोलकीवर नेला.
"थांब नं. ढोलकी मंडईत फुटली, भांडनात,
भांडन माहं नोतं.
मंग वडशाच्या ब्यांडात किलारनेट.
लाल कोट, पितळी बटनं, मे महिना.
नवरदेव सारे इसरलो, बाई,
पन कोन्त्या गावात कोन्त्या वळनावर नाली हाये
थे अजून याद हाये."

दात पडले. फुंक निसटायला लागली.
मग पेटी, पेटीवरून नाटकाचा ऑर्गन,
रात्री दहापासून कोंबडा आरवेपर्यंत,
पाय भात्यावर, बोटं पट्ट्यांवर, डोळे पडदेवाल्यावर.
कुरखेड्याकडे एकदा राजाचा घसा बसला,
राजा नुसतं तोंड हलवत उभा राहिला
आणि गात राहिले हे, खाली अंधारात,
तेलाच्या पिंपावर बसून.
वन्समोअर तीन आले. हार राजाला पडला.
"पडन नं. मुकुट त्याच्याच डोक्शावर होता."

गाणी?
"मीच जोडली. रोवनीची, शंकरपटाच्या बैलाची,
तेरवीची, पोलिओची.
सरपंचाच्या विलेक्शनले दोन्ही पार्ट्याईची,
चाल येकच.
लिवता कुठं येत होतं मले? सायत्रा लिवे.
चौथी पास होती थे."

वही उघडली. गोल, दाबून काढलेलं अक्षर,
मधेच तांदळाचा भाव, कुणाचं तरी उधार तीस रुपये,
आणि शेवटच्या पानावर एक गाणं
दुसऱ्या कडव्यात "मोहाच्या झाडाखाली" इथवर येऊन
थांबलेलं.
मी पान उलटलं. कोरं.
"त्याच्यानंतर नाई जोडली?"
"जोडली नं. पन थे डोक्शात हायेत."

पुरावा जोडा : प्रमाणपत्र, कात्रण, छायाचित्र.
छायाचित्र एकच. नायिका पुढे, तिची ओढणी मागे उडालेली,
ओढणीच्या वर अर्धं कपाळ.
"हा मी," त्यांनी नख ठेवलं.
फोटो दोनशे केबीपेक्षा मोठा होता.
लहान केला. कपाळ आणखी लहान झालं.

"आता काय वाजवता, आजोबा?"
"टाळ. भजनात.
हात थरथरते, टाळाले चालते."

यादीत गायक होता, वादक होता, शाहीर, सोंगाड्या,
तळाशी इतर.
इतर निवडलं तर चौकट उघडायची, वीस अक्षरांची.
मी वीस अक्षरांत त्यांना बसवून पाहिलं,
नाच्या बसला, ढोलकी बसली,
किलारनेटचा अर्धा भाग बाहेर राहिला.
बाहेर दळणाच्या गिरणीचा पट्टा फटफटत होता
आणि त्यांचं बोट टेबलाच्या कडेवर
त्याच ठेक्यात, मधे एक मात्रा चोरून.

तेवढ्यात पडदा पांढरा झाला.
सत्र संपले. पुन्हा सुरुवात करा.

"काय म्हन्ते?"
"पहिल्यापासून भरा म्हणते."

मला वाटलं, उठतील. शेवटची बस पाचला असते.
त्यांनी खुर्ची पुढे ओढली,
बाटलीतलं पाणी तोंडात घोळवून दाराबाहेर थुंकून आले,
घसा साफ केला.

"बरं मंग," म्हणाले, "पयलं लिव, नाच्या.
पन या खेपेले लुगड्याचा रंग बी लिव."